जोडप्यांचा सेवा-सप्ताह

शुक्रवार, १० जानेवारी. मुकुंदवाडी, दुपार.

नाव दिलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या ‘जोडप्यांचा सेवा-सप्ताह’ या उपक्रमात श्री. शांतवन अमोलिक व सौ. तनुजा अमोलिक. गाव खडकदरी, खुलताबादच्या पुढे डोंगरात. पाळक साहेब म्हणाले, तिथं आपल्या मंडळीची चार घरं आहेत, पण बऱ्याच वर्षांत कोणी फिरकलेलं नाही, तर आधी एकदा जाऊन चौकशी करून या. मी म्हटलं, पाळक साहेब, देवाचं पाचारण आलं की माणूस चौकशी करत बसत नाही. ते काही बोलले नाहीत. पटलं असावं.

तनुजाला जेवताना सांगितलं. तिनं विचारलं, किती दिवस? म्हटलं, रविवार ते रविवार. म्हणाली, बरं. सोळा वर्षांच्या संसारानंतर मला तिच्या ‘बरं’चे सगळे प्रकार कळतात. हा आनंदाचा होता. शेवटी मी स्पोकन इंग्लिश आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास चालवतो, बॉडी लँग्वेज हा माझा खास विषय आहे. (सध्या बॅच नाही. जानेवारीत मुलं परीक्षेच्या मागे असतात.)

या दौऱ्याची तिला गरज आहे. गेल्या ईस्टरला मी भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली की नाताळच्या आत प्रभू आमच्या घरात पाळणा हलवणार. ठरवून नव्हतं बोललो, एकदम आतून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाळक साहेबांचे डोळे भरून आले. तेव्हापासून तनुजा गायनात उभी राहत नाही. घसा धरलाय म्हणते. इतके महिने घसा धरलेला मी पाहिला नाही, पण सुंठ आणून दिली आहे. नाताळ येऊन गेला. देवाचं कॅलेंडर वेगळं असतं. दर रविवारी बायका तिच्याभोवती जमतात आणि विचारतात, काय गं, काही बातमी? मंडळीचं किती प्रेम आहे.

राजकुमार साळवे गेल्या वर्षी बायकोला घेऊन मेळघाटात गेला होता. तो व्हिडिओ अजून दाखवतात. ड्रोन होता. एकोणीस तारखेला मंडळीच्या वडीलपदाची, म्हणजे कारभाऱ्यांतल्या एका जागेची, निवड आहे आणि दोनच नावं आहेत, त्याचं आणि माझं. अर्थात मी त्यासाठी जात नाही.

संकल्प: रोज पहाटे उठायचं. आवाज चढवायचा नाही. तनुजाला बोलतं करायचं.


रविवार, १२ जानेवारी. खडकदरी, संध्याकाळ.

उपासनेनंतर पाळक साहेबांनी आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवून पाठवणी केली. खुलताबादपर्यंत बस, पुढे काळी-पिवळी जीप. माझं सामान: स्पीकर, बॅनर, बोलक्या बाहुल्यांची पेटी, गीतांची पुस्तकं, ब्लेझर. तनुजाची एक पिशवी. जीपवाल्यानं विचारलं, ऑर्केस्ट्रा हाय का. आवाज चढवला नाही.

गावात उतरलो तर सामसूम. घराघराला कुलूप. मला वाटलं उपासनेची वेळ आहे, सगळे एकत्र जमले असतील. एक म्हातारा उन्हात बसला होता, त्यानं सांगितलं, समदे कारखान्याला गेलेत ऊस तोडायला. दिवाळीनंतर जातात, होळीला येतात. इथं आता म्हातारेकोतारे अन् पोरं. तनुजानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, छोट्या कळपालाच मेंढपाळाची गरज जास्त असते.

मंडळीची चार घरं म्हणजे आता एक घर. तिघं वाळूजला कंपनीत लागून तिकडेच स्थायिक झाले. उरली साळूबाई. एकटी विधवा, सत्तरीची असावी, डोळ्यांत दोन्हीकडे पांढरं आलेलं. मी दारात उभं राहून म्हटलं, जय ख्रिस्त. ती म्हणाली, कोण हाय? मीटरवाला का? मी आमची ओळख, पाचारण आणि सप्ताहाची रूपरेषा सांगितली. सगळं ऐकून म्हणाली, जेवलात का?

प्रार्थनेची खोली सरपंच आप्पासाहेबांनी कडबा ठेवायला घेतली आहे. पार छतापर्यंत भरलेली. म्हणून मुक्काम साळूबाईकडेच. बायका आत, मी ओसरीत, शेजारी शेळी. साध्या राहणीचा मला काही त्रास नाही. शेळी माझ्या ब्लेझरचं बटण खात आहे.


सोमवार, १३ जानेवारी. सकाळी.

पहाटे उठलो नाही. प्रवासाचा शीण. उद्यापासून.

घरोघर भेटी सुरू केल्या. पहिलं घर साहेबरावांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, अंगण लख्ख सारवलेलं. मी तयार केलेलं सात मिनिटांचं निवेदन सुरू केलं. त्यांनी दोन मिनिटांनी हात वर केला. म्हणाले, सर, आमच्या बापानं छप्पन साली लई विचार करून एकदाच धर्म बदलला. आता आम्ही काय दर वर्षी मोबाईलसारखं बदलत बसू का? बसा, चहा घ्या.

चहा घेतला. चांगला होता. जाताना विचारलं, तुमच्यासाठी काय प्रार्थना करू? म्हणाले, हापशाचं हँडल तुटलंय, त्याचं पंचायतीत कुणी ऐकंना. वहीत लिहिलं: साहेबराव, दार किलकिलं झालं आहे.

दुपारी.

आज भोगी. साळूबाईनं बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी केली. नीट दिसत नाही तर सगळं हातानं चाचपून करते. तनुजा तिच्याजवळ चुलीपाशी बसली होती. भाकरी थापता येत नाही हिला, शहरात वाढलेली. भाकरीचा महाराष्ट्राचा नकाशा झाला. साळूबाईनं नकाशावरून हात फिरवला आणि म्हणाली, पोरी, ही भाकर हाय का गोधडी? आणि तनुजा हसली. मोठ्यानं. मी ओसरीतून ऐकलं.

गेल्या ईस्टरनंतर पहिल्यांदा. माझ्या पाठवणीच्या प्रार्थनेला फळ येऊ लागलं आहे.


मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

छळ सुरू झाला.

सकाळी आप्पासाहेब पोलीस पाटलाला घेऊन आले. पांढरा शर्ट, मोठ्या मिशा, दाराबाहेरच थांबले. आमची आधार कार्डं पाहिली. म्हणाले, हे पाहा, साळूबाई आमच्या गावची हाय, तिच्याकडं पाव्हणे आले तर आमचेबी पाव्हणे. ऱ्हा, खा, प्या. पण धरम बदलायच्या भानगडी करू नका. पोरं परगावी हायेत, मागं म्हातारी माणसं, उगी कोणी मोबाईलवर कायबाय टाकायचं अन् आमच्या डोक्याला ताप. मग त्यांनी तिळगूळ दिला.

मी खाल्ला. विरोध म्हणून नको म्हणणार होतो, पण तोंडात गेला होता.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: ‘तीव्र विरोधाला सामोरे जात आहोत. पोलिसांचे आगमन. प्रार्थनेत आठवण ठेवा.’ रेंज मिळेना म्हणून डोंगर चढलो. तासाभरानं गेला. फक्त राजकुमारचं उत्तर आलं, दोन हात जोडलेले. खाली ड्रोनचा फोटो.

दुपारी तनुजाला शेजारच्या कडूबाईनं वाणाला बोलावलं. मी आधी जाऊ नको म्हणणार होतो, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण ती केव्हाच गेली होती. परत आल्यावर साळूबाईला सांगत होती, मला ऐकू आलं. कडूबाईनं विचारलं, लेकरं किती? तनुजा म्हणाली, नाहीत. कडूबाई म्हणाली, माझ्या नणंदेलाबी नाय, लई मायाळू हाय ती. आणि पुढच्या बाईला हळद-कुंकू लावायला गेली. तनुजा म्हणाली, मावशी, एवढंच. एवढ्यावरच तिनं सोडून दिलं.

साळूबाई म्हणाली, मग काय करायचं असतं अजून?

मला यातलं नक्की काय एवढं सांगण्यासारखं होतं ते कळलं नाही. आपल्याकडे बायका आपुलकीनं चौकशी तरी करतात.


बुधवार, १५ जानेवारी.

बालमेळावा. सर्व तयारी माझी. स्पीकर लावला, बॅनर बांधला, ब्लेझर घातला (एक बटण कमी). पोरं जमली, बरीच. मी बाहुली हातात घालून आवाज काढला. नेमका तेव्हाच तनुजानं पांढरी ओढणी डोक्याला गुंडाळून गोळ्यांचा डबा आणला. मागून एक पोरगी ओरडली, सुईवाली बाई आली. सेकंदात पटांगण रिकामं. मी मुलांच्या मागे धावलो, हातात बाहुली तशीच. त्यामुळे ती अजून जोरात पळाली. एक पोरगं बाभळीवर चढलं, ते उतरेना.

स्पीकरची बॅटरी संपली.

तासाभरानं मुलं साळूबाईच्या ओसरीत बसलेली दिसली. तनुजा काही शिकवत नव्हती. एका मुलीची वेणी घालत होती. ती नर्सरीत शिकवते, दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांच्या वेण्याच घालते, इथंही तेच. मी म्हटलं, निदान एक बालगीत तरी घे. म्हणाली, घसा धरलाय. पोरं म्हणाली, नाय धरला, बाई आत्ता म्हणत होती की.

टीमवर्कवर तिच्याशी बोलायला हवं.


गुरुवार, १६ जानेवारी.

मोठा दिवस. मनापासून लिहितो.

सकाळी साळूबाई ओसरीत बसली होती आणि समोरून जाणाऱ्या शेळीला कडूबाई समजून बोलत होती. माझ्या आत काहीतरी हललं. हे तेच, ईस्टरला आलं होतं ते. मी उठलो, तिच्या डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्यानं प्रार्थना केली. मग जाहीर केलं की शनिवारी संध्याकाळी सर्व गावासमोर साळूबाईला दिसू लागेल. रस्त्यानं जाणारे साहेबराव थांबले. कडूबाई भिंतीवरून डोकावली. शब्द गावभर झाला.

साळूबाई म्हणाली, बाबा, तुमचे हात लई गार हायेत.

तनुजा आतून बाहेर आली होती. उंबऱ्यात उभी. एकच शब्द बोलली. परत?

मी म्हटलं, परत काय? ती आत गेली.

आप्पासाहेबांकडे परवानगीला गेलो. मला वाटलं होतं पुन्हा छळ होईल. ते बराच वेळ मिशीवर हात फिरवत बसले. म्हणाले, म्हातारीला दिसलं तर मीच पेढे वाटीन. अन् नाय दिसलं तर? मी म्हटलं, तो प्रश्नच येत नाही. ते म्हणाले, घ्या मग. गणपतीचा माईक हाय तो वापरा, स्पीकर चांगला हाय. गणपतीच्या माईकबद्दल थोडा विचार केला. पण माझ्या स्पीकरची बॅटरी खरंच गेली आहे.

डोंगर चढून ग्रुपवर टाकलं: ‘शनिवारी सायं. ५. अंधास दृष्टी. व्हिडिओ येत आहे.’ तासाभरात बावीस जणांचे अंगठे. पाळक साहेबांनी विचारलं, शांतवन, नक्की का? त्यांना कळवलं, नक्की.


शुक्रवार, १७ जानेवारी.

उपवास. म्हणजे दुपारपर्यंत. कडूबाईनं वांग्याचं भरीत आणून दिलं, नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

तनुजा आणि साळूबाई सकाळी जीपनं खुलताबादला गेल्या. बाजार असेल, बांगड्या वगैरे. जाऊ दे, दोघींना विरंगुळा. मी उद्याच्या साक्षीची तयारी केली. आधी साळूबाई बोलेल, मग मी, मग तनुजानं एक गीत म्हटलं तर फारच चांगलं. तो व्हिडिओ लागल्यावर ड्रोनचं कोणी नाव काढणार नाही.

दोघी संध्याकाळी आल्या. साळूबाईच्या डोळ्यांत काहीतरी थेंब घातलेले, बुबुळं मोठी दिसत होती. मी तनुजाला म्हटलं, पाहिलंस, बदल सुरू झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. म्हणाली, तुम्ही जेवून घ्या.

तिच्या डोळ्यांत विश्वास होता असं वाटलं. किंवा चुलीचा धूर.


शनिवार, १८ जानेवारी. दुपारी.

सकाळी उठलो तर घरात कोणी नाही. नदीवर गेल्या असतील. साळूबाईला अंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून आणणार असणार. तनुजाला न सांगता सुचलं, याचा आनंद झाला.

बॅनर बांधला. माईक लागला. माझा आवाज डोंगरावरून परत येतो. उत्तम इफेक्ट.

संध्याकाळी.

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

पाचला अख्खं गाव जमलं. इतकी माणसं गावात असतील असं वाटलंच नव्हतं. म्हातारे, म्हाताऱ्या, पोरं, बाभळीवरचं पोरगंसुद्धा. साहेबराव कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. आप्पासाहेबांनी खरोखर पेढे आणले होते, मांडीवर पुडा. मी बोलायला सुरुवात केली. साळूबाई दिसेना. तनुजा दिसेना. मी बोलत राहिलो. दयेबद्दल, अंधाराबद्दल, प्रकाशाबद्दल, मग परत दयेबद्दल. लोक शांतपणे ऐकत होते, पण त्यांच्या नजरा वाटेकडे.

तेवढ्यात कडूबाई हात वर करून उभी राहिली. म्हणाली, साळूबाईचा निरोप हाय. माझा जीव भांड्यात पडला. साक्ष. मी स्वतः पुढे जाऊन तिच्या तोंडासमोर माईक धरला.

कडूबाईनं माईकमध्ये सांगितलं, सगळ्या डोंगराला ऐकू गेलं: साळूबाई डोळ्याच्या आप्रेशनला संभाजीनगरला गेली. सरकारी दवाखान्याच्या गाडीनं. काल खुलताबादला तपासलं, आज नंबर लागला. बाईबी संगं गेली. तुमचं जेवण झाकून ठिवलंय.

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, हेही प्रार्थनेचंच उत्तर आहे. माझाच आवाज डोंगरावरून परत आला. मग आप्पासाहेब उठले. माझ्या हातातून माईक हळूच घेतला, म्हणाले, बरं झालं, म्हातारीला कुणीतरी नेलं. आपण इतकी वर्सं नुसतं नेऊ नेऊ म्हणत होतो. पेढे घ्या रे समदे. आणि पहिला पेढा मला दिला.

साहेबराव जाताना म्हणाले, सर, हापशाचं हँडल तुमच्या बाईंनी परवा पंचायतीत फोन करून लावून घेतलं. तुम्हाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं.

डोंगर चढून फोन लावला. तनुजाचा फोन बंद. ग्रुपवर चाळीस मेसेज. व्हिडिओ कुठे आहे विचारतात.


रविवार, १९ जानेवारी. शासकीय रुग्णालयाच्या आवारात.

पहिल्या जीपनं निघालो. सामान तिथंच राहिलं. उपासना चुकली, निवड चुकली. राजकुमार झाला वडील, बिनविरोध, कारण मी हजर नव्हतो. माझ्या मते तांत्रिक बाब आहे.

साळूबाईच्या एका डोळ्याला हिरवी पट्टी. दुसरा महिन्यानं करणार. तनुजा खाटेजवळ स्टुलावर बसलेली, कालचीच साडी. मी ठरवून आलो होतो की आवाज चढवायचा नाही. म्हटलं, झालं ते झालं, चल घरी, मी तुला माफ केलं आहे.

ती म्हणाली, मी येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, थेंब रोज चार वेळा, महिनाभर, चुलीजवळ बसायचं नाही, वाकायचं नाही. हिच्याकडे कोण आहे? मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आहे. खडकदरीलाच राहीन.

मी म्हटलं, लोक काय म्हणतील? मंडळीला काय सांगू?

मग ती हळू आवाजात बोलली. असं की, ईस्टरच्या आदल्या दिवशी ती एकटी डॉक्टरांकडे गेली होती, माझा क्लास होता. डॉक्टर म्हणाले, आता थांबा, शरीराला नुसता त्रास आहे, मूल होणार नाही. ती रात्रभर जागी होती. उपासना झाली की मला सांगायचं ठरवलं होतं. म्हणाली, मी दुसऱ्या रांगेत बसले होते. तुम्ही उठून उभे राहिलात. टाळ्या वाजल्या. त्यानंतर मी कुणाला आणि कसं सांगणार होते? दर रविवारी त्या विचारतात आणि मी हसते. परवा तुम्ही मावशींच्या डोळ्यांवर हात ठेवलात तेव्हा मला कळलं, आता शनिवारी या म्हातारीलाही माझ्यासारखं हसावं लागणार.

वॉर्डात फार गोंगाट होता. मला सगळं नीट ऐकू आलं नाही.


मंगळवार, २१ जानेवारी. मुकुंदवाडी.

घर आवरायचं. क्लासची नवी जाहिरात करायची. पहाटे उठायचं.

दूध नासलं. मिक्सरचं झाकण सापडत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, तनुजा माहेरी का? म्हटलं, मिशनवर आहे. म्हणाल्या, आणि तुम्ही? म्हटलं, मी सपोर्टला.

ग्रुपवर टाकलं: ‘सेवा फलद्रूप. सविस्तर साक्ष रविवारी.’ मग पुसून टाकलं. आठ जणांनी आधीच वाचलं होतं.


गुरुवार, २३ जानेवारी.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक पिवळा टॉवेल सापडला, छोटा, टोपीचा. कधी आणला होता तिनं, माहीत नाही. मला दाखवला नव्हता. पुन्हा घडी घातली, तिच्यासारखी जमली नाही.

वॉर्डात काही गोंगाट नव्हता. दुपारची वेळ होती, सगळे पेशंट झोपले होते. मला सगळं ऐकू आलं होतं.

आज क्लास नाही. परवाही नव्हता. नोव्हेंबरपासून नाही.


शनिवार, २५ जानेवारी. खडकदरी, दुपार.

सामान आणायचं निमित्त. खरं म्हणजे पूर्ण प्लॅन ठरवला होता: शांतपणे बोलायचं, संत्री न्यायची, तिला घेऊन यायचं. जीपमध्ये चार वेळा मनात तालीम केली.

साळूबाई ओसरीत काळा चष्मा लावून बसली होती. मला पाहिलं. चष्मा खाली करून पुन्हा पाहिलं. म्हणाली, तुम्हीच का ते? आवाजावरून मला लई धिप्पाड वाटले होते. माणूस बारीकच हाय.

तनुजा चुलीपुढे. भाकरी अजून वाकडीच, पण फुगते. ओसरीत पोरं बसलेली, ज्यांचे आईबाप ऊस तोडायला गेलेत ती. बडबडगीत चाललं होतं. ती म्हणत होती, पोरं मागून म्हणत होती. मी आलो तशी ती थांबली. मी म्हटलं, चालू दे. तिनं चालू नाही ठेवलं.

जेवलो. मग ती मला हापशापर्यंत पोचवायला आली. मी तालीम केलेलं भाषण सुरू केलं, दुसऱ्याच वाक्याला विसरलो. म्हटलं, तू घरी कधी येशील? म्हणाली, दुसऱ्या डोळ्याचं होऊ दे. म्हटलं, आणि मग? म्हणाली, मग बघते. मी विचारलं नाही काय बघणार. विचारायचं धाडस झालं नाही.

मग ती म्हणाली, एक करा. माझ्यासाठी चारचौघांत प्रार्थना करू नका. माझं नाव घेऊन उभे राहू नका. करायची तर मनात करा. जमेल?

म्हटलं, एवढंच ना, जमेल.

तिनं हँडल मारून माझी बाटली भरून दिली. जीप आली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती पोरांकडे चालली होती.


रविवार, २६ जानेवारी. मुकुंदवाडी.

उपासनेला गेलो. झेंडावंदनामुळे थोड्या उशिरा सुरू झाली. नेहमीची जागा सोडून मागे, भिंतीकडे बसलो. राजकुमार वडील म्हणून पुढच्या खुर्चीत. सूट चांगला होता.

बायकांनी दारातच विचारलं, तनुजा कुठे? काही बातमी? चेहऱ्यावर अशी उत्सुकता. म्हटलं, ती बरी आहे. त्या थांबल्या, पुढचं ऐकायला. पुढचं नव्हतं.

उपदेश झाला. मग पाळक साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, प्रार्थनेची विनंती कुणाची आहे? आत एकदम काहीतरी हललं. तेच. तनुजा परत येणार, ईस्टरच्या आत येणार, दुसऱ्या रांगेत उभी राहून गाणार, सगळं वाक्यं होऊन जिभेवर आलं. हात वर गेला होता. मी उभा होतो. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. काही जणांनी टाळ्यांसाठी हात मांडीवरून उचलले. पाळक साहेब म्हणाले, बोला शांतवन.

मी म्हटलं, जरा ती खिडकी उघडता का? उकडतंय.

बाहेर कडाक्याची थंडी. कुणीतरी उठून उघडली. बायकांनी पदर, शाली कानावर ओढून घेतल्या. मी खाली बसलो.

पुढची विनंती कुणाच्या तरी गुडघ्यांची होती.